शुद्धीत जायचंय

४ मार्च

ती. वन्सं,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची आणि कळवायची असते. पण तुमची विचारण्याइतकं येणंजाणं आपण ठेवलेलं नाही आणि आमची कळवण्यासारखी राहिलेली नाही. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच कपाटात टाकावं असं वाटलं असेल, तर एवढं वाचा आणि मग टाका.

तुमचा भाऊ आजारी आहे. मणक्यात गाठ आहे आणि ती आता मणक्यापुरती राहिलेली नाही. कापून काढायची वेळ टळून गेली, असं डॉक्टर म्हणाले. वेळ टळली, कारण पाठ दुखायला लागल्यावर ह्यांनी ती वर्षभर नुसती 'पाहिली'. ह्यांची भाषा तुम्हाला ठाऊक आहे. दुखतं ते शरीर, कुरकुरतं ते मन, आणि दोघांकडे पाहणारा तो मी. पाहणारा पाहत बसला आणि गाठ आपलं काम करत राहिली. मला सांगितलं ते वर्गाचा जिना चढता येईना तेव्हा.

दुखणं वाढत जाणार, पण ते आटोक्यात ठेवायची सोय आहे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. ती सोय म्हणजे एक लहानशी तपकिरी बाटली. सकाळ-संध्याकाळ त्यातले थेंब द्यायचे. बाटली घरात आहे आणि तिचं झाकण अजून फोडलेलं नाही. हे हात लावू देत नाहीत. म्हणतात, याने जाणीव बोथट होते. जन्मभर जी घासूनपुसून लख्ख ठेवली, ती ऐन वेळी झोपवून टाकू का? "मला शुद्धीत जायचंय." इतक्या सरळपणे म्हणतात, जशी कुणी खिडकीजवळची जागा मागावी.

घर तेच आहे. खाली माझं दुकान, लोकांचे कपडे उसवून त्यांच्या वाढलेल्या नाहीतर वाळलेल्या अंगाच्या मापात बसवून देते. वर ह्यांचा ध्यानाचा वर्ग, लाकडी जमिनीचा, तो लांब. तिथले लोड, तक्के, डोळ्यांवर ठेवायच्या पिशव्या, सगळं माझ्याच मशीनवरचं. हल्ली धुवायला अभ्रे काढते तेव्हा ह्यांच्या लोडाच्या अभ्र्याला दातांची भोकं असतात. मी नवा अभ्रा चढवते. हे विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. मग सकाळी ताठ बसून वर्गाला सांगतात, वेदनेकडे पाहा, ती तुम्ही नव्हे. सांगताना कानामागून घाम मानेवर उतरत असतो. मी काही योगिनी नाही, वन्सं. माझ्याच्याने हे पाहणं होत नाही.

तुम्हालाच का लिहिते, तर सासूबाईंच्या वेळी तुम्ही डॉक्टरांना हो म्हणालात म्हणून. त्यांना औषधाने झोपवलं आणि त्या झोपेतच गेल्या. हे उशाशी मांडी घालून बसले होते, आईच्या शेवटच्या श्वासात आपला श्वास मिळवायचा म्हणून. "ताईने आईचं मरण चोरलं," हे वाक्य तुम्ही जिना उतरताना ऐकलंत, आणि पुन्हा हा जिना चढला नाहीत. तुमचं चुकलं नव्हतं. पण लहानपणी दम्याने हे निळे पडायचे तेव्हा समोर बसून श्वास कसा सोडायचा ते तुम्हीच शिकवलंत, हेही खरं. वर्गात पहिल्या दिवशी आजही तुमचीच पद्धत शिकवतात, नाव घेत नाहीत एवढंच. जगात कुणाचं ऐकतील तर तुमचं. ज्याच्यावर इतकी वर्षं राग धरता येतो त्याचा शब्द आत कुठेतरी राखून ठेवलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

त्यांना दोन ओळी लिहा. औषध घे म्हणावं. माझं म्हणणं म्हणजे घरकी मुर्गी दाल बराबर.

तुमची,
भावजय

२२ मार्च

ती. वन्सं,

वाट पाहून डोळे शिणले. पोस्टमन गल्लीत शिरला की मी मशीन थांबवते आणि तो शेजारच्या दातांच्या दवाखान्यात जातो. तुमचा राग समजते. तरी लिहिते, कारण दुसरं कुणाला लिहू?

वर्गातल्या कुणाला सांगायची सोय नाही. त्यांच्या लेखी हे आता माणूस राहिलेले नाहीत. दुखण्यातही सर बसतात, सर हसतात, सरांच्या तोंडून हूं की चूं नाही. त्या हसण्याचे टाके माझ्यासारखीला उलट्या बाजूने दिसतात. सगळ्यांत पुढे असतात त्या गणिताच्या बाई. शाळेत गणित शिकवतात, उंच आहेत, पाठीचं जुनं दुखणं असल्यामुळे भिंतीला टेकून बसतात. बाकीचे माना हलवतात, ह्या प्रश्न विचारतात. शरीर, मन आणि आत्मा एकच आहेत म्हणता, मग पाय अवघडतो तेव्हा आत्म्याला मुंग्या का येत नाहीत, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. हे इतके खूश झाले की जेवताना मला दोनदा सांगितलं.

मागे ह्यांनी मला एक तक्का शिवायला सांगितला होता. एकात एक असे पाच अभ्रे. माणसाला पाच कोश असतात, अन्नाचा, प्राणाचा, मनाचा, ज्ञानाचा आणि आनंदाचा, ते वर्गाला उलगडून दाखवायचे होते. मी विचारलं, पाचव्याच्या आत काय भरू? म्हणाले, काही भरू नकोस. मी म्हटलं, मग उभा कसा राहील तो? त्यावर हे हसायला लागले ते थांबेनात. शेवटी मी थोडा कापूस भरला आणि ह्यांनी चालवून घेतला. तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

तर सांगायचं ते हे की हल्ली ह्यांना बरं आहे. दुखणं उतरलं आहे. अभ्रे धड निघतात. परवा स्वतः उठून खिडकी उघडली. तुम्ही काळजी करू नका. मुळात करत असाल तर.

तुमची,
भावजय

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. बाटलीचं झाकण मी फोडलं आहे. हे सकाळ-संध्याकाळ पाल्याचा हिरवा रस पितात, तो मुळातच इतका कडू की त्यात आणखी कडू काय कळणार? मीच काढून देते. डॉक्टरांनी सांगितले तेवढेच थेंब घालते, एक जास्त नाही. ह्यांना माहीत नाही. तुम्ही आता पत्र लिहायची गरज उरली नाही, पण लिहिलंत तर मला लिहा.

७ एप्रिल

ती. वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळींचं का होईना, पण आलं. "केलंस ते बरं केलंस. त्याला सांगू नकोस. माझ्या गुडघ्यांना प्रवास झेपत नाही." मी ते मशीनच्या खणात दोऱ्यांच्या खाली ठेवलं आहे आणि उगाच काढून वाचते.

पण आता ऐका. वाटलं होतं, ह्यांना नुसतं बरं वाटेल. कधी कमी दुखतं, कधी जास्त, आजाराचं असतं तसं धरून चालतील. माझं गणित तिथे चुकलं. साधना करणाऱ्या माणसाला आपोआप बरं वाटत नसतं, वन्सं. त्याला काहीतरी साधलेलं असतं. हे पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "दुखणं आहे, पण ते माझ्यापासून हातभर लांब बसलंय." डॉक्टरांनी औषधाचा परिणाम समजावताना जवळपास हेच शब्द वापरले होते. मी मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसले.

मग तो गुरुवार. आदल्या संध्याकाळी पुन्हा फार दुखलं होतं, पाय थरथरत होते. सकाळी रस पिऊन वर गेले आणि बसले. मी दाराशी होते. लाकडी जमिनीवर उन्हाचा पट्टा होता, तो सरकत ह्यांच्या गुडघ्यावर आला, छातीवर आला, तरी हे हलले नाहीत. चेहऱ्यावर ते नेहमीचं ताणलेलं हसू नव्हतं. काहीच नव्हतं. लहान मूल पोटभर पिऊन झोपतं तसं तोंड झालं होतं, फक्त डोळे उघडे होते. मग मला हाक मारली. जवळ बसवलं. म्हणाले, "इतकी वर्षं मी शिकवत आलो की शरीर, मन आणि आत्मा एक करायचे. आज कळलं, एक करायला ते तीन नव्हतेच. दुखत होतं ना, तेही मीच होतो. लांब बसलेलं काही नव्हतं." आणि माझा हात हातात घेतला. बोटांवरचे सुयांचे टोचे बघत बसले. आमच्या संसारात माझे हात ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्यानंतरचे दिवस मी तुम्हाला कसे सांगू? सुखाचे होते. लाज वाटते लिहायला, पण होते. हे दुपारी दुकानात खाली येऊन बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे. कुणाची पँट आखूड झाली तर त्यावर विनोद करायचे. मरणाची भीती ह्यांना नव्हतीच म्हणा, पण आता घाईही राहिली नव्हती.

आणि वर्गात सांगू लागले. साहजिकच होतं. ज्याला मिळालं तो वाटणार. म्हणाले, मी पढिक बोलत होतो, आता पाहून सांगतो, वेदना विरते, औषधाशिवाय विरते, माझ्याकडे पाहा.

गणिताच्या बाईंनी पाहिलं. त्यांच्या पाठीतली शीर दबलेली आहे, एका पायातली संवेदना जायला लागली आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती. ती त्यांनी रद्द केली. जिन्यात मला भेटल्या तेव्हा रेलिंग धरून, पाय ओढत उतरत होत्या आणि चेहरा नुसता उजळलेला. म्हणाल्या, सर गाठ घेऊन जे करतात ते मला एका शिरेसाठी जमू नये का? मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? म्हणे, डॉक्टर म्हणतात उशीर केला तर पाय परत येणार नाही, पण डॉक्टर सरांबद्दलही असंच म्हणाले होते ना.

मी त्यांना दुकानात बसवलं आणि सांगून टाकलं. रसाचं, थेंबांचं, सगळं. त्या माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागल्या की मला कळेना. मग म्हणाल्या, "तुम्हाला सरांचं पहिल्यापासून पटत नाही, मला माहीत आहे. तुमचं दुःख मी समजू शकते." माझ्या हातावर थोपटून गेल्या.

आता काय करू ते सांगा. ह्यांना सांगितलं तर ह्यांचा जीव जायच्या आधी सगळं जाईल. नाही सांगितलं तर त्या बाईचा पाय जाईल. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली.

तुमची,
भावजय

२४ एप्रिल

ती. वन्सं,

"बाईंचं बाई बघतील. माझ्या भावाला सुखाने जाऊ दे." तुमचं म्हणणं वाचलं, दोन दिवस ते पाळलंही. पण त्या रोज माझ्या डोक्यावरून पाय ओढत चालतात. दुकानाच्या छतावर ह्यांच्या वर्गाची आणि त्याच्या बाहेरच्या व्हरांड्याची जमीन आहे, कोण चाललंय ते मला खालून ओळखू येतं. एक पाऊल पडायचं आणि दुसरं घासत जायचं. तिसऱ्या दिवशी दुसरं उचलतच नव्हतं. मी कात्री ठेवली आणि वर गेले.

वर्ग सुरू व्हायचा होता. माणसं बाहेर चपला काढत होती. हे भिंतीला टेकून बसले होते. मी दार लोटलं आणि म्हटलं, "तुमच्या रसात मी औषध घालते."

हे हसले. "कुठलं?"

"डॉक्टरांनी दिलेलं. दुखण्याचं."

मग हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही, मी जमिनीकडे बघत होते. ह्यांनी विचारलं, "कधीपासून?"

मी सांगितलं.

"रोज?"

"रोज."

"त्या बुधवारी पुन्हा दुखलं होतं. तेव्हासुद्धा? गुरुवारी सकाळी?"

"तेव्हासुद्धा. एकदाही चुकवलं नाही."

ह्यांनी मान हलवली. कुणी पत्ता सांगितल्यावर हलवतात तशी. मग म्हणाले, "सगळ्यांना आत बोलाव."

रागवतील, रस फेकतील, मला घराबाहेर काढतील, असं सगळं मी मनात शिवून-उसवून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. माणसं बसली. हे म्हणाले, "गणिताच्या बाई, इकडे बघा. मला जे झालं ते औषधाने झालं. मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला खोटं शिकवलं. आज जा आणि तारीख परत घ्या." बाईंनी तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "प्रश्न नको. एकदा तरी प्रश्न नको." मग बाकीच्यांना म्हणाले, वर्ग संपला. कुणाला कळेना, आजचा की कायमचा. एकेक जण चटया गुंडाळून निघाला. एकजण जाताना माझ्याकडे अशा नजरेने पाहून गेला की मी विष घातलं होतं असं वाटावं. त्याच्या दृष्टीने तेच होतं.

तुमच्या भावाने जन्मात जेवढं शिकवलं त्यात मला समजलेलं एवढंच, की त्या दिवशी ते एका वाक्यात स्वतःला उसवू शकले. मी त्यांची बायको आहे, मला अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त भीती वाटली.

ती खरी ठरली. संध्याकाळी मी रस घेऊन गेले, थेंबांची बाटली उघड ताटात ठेवून. हे पडल्या पडल्या छताकडे बघत होते. म्हणाले, "तळ्याकाठच्या शिबिरात डबा तूच आणला होतास ना?"

तुम्हाला आठवत असेल. आमचं लग्न नुकतं झालं होतं, हे नकाशे काढायच्या नोकरीत होते. त्या शिबिरात ह्यांना काहीतरी झालं, तीन दिवस बोलले नाहीत, परत येऊन नोकरी सोडली आणि हा वर्ग काढला. सगळा जन्म त्या तीन दिवसांवर उभा आहे. मी डबा पोचवायला गेले होते हे खरं. मला वाटलं, थट्टा करतात. मी हसले. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. मी म्हटलं, अहो, असं कसं मनात आणता? तेव्हा मला औषधं काय ठाऊक होती? म्हणाले, "मला कसं कळणार? मला कसं कळेल ते सांग ना." आवाजात राग नव्हता. हरवलेल्या माणसाने रस्ता विचारावा तसा आवाज होता.

आता औषध स्वतः मागून घेतात. वेळ झाली की हात पुढे करतात. बसत नाहीत, डोळे मिटून श्वास पाहत नाहीत. मी म्हटलं, थोडं बसता का? तर म्हणाले, "कोण बसणार?"

मला हेच हवं होतं. मार्चमध्ये तुम्हाला लिहिलं होतं, त्यांना औषध घ्यायला सांगा. घेतात. न सांगता घेतात. आता त्यांच्या हातावर थेंबांचा चमचा ठेवताना मला वाटतं, त्या अभ्र्यांवरची भोकं बरी होती.

तुम्ही या, वन्सं. गुडघे दुखले तर माझ्या जिवाची शपथ, मी जिन्यावरून पाठीवर घेऊन चढवीन. माझ्या शब्दाची या घरात आता कवडीची किंमत नाही.

तुमची,
भावजय

३० मे

ती. वन्सं,

तार गेलीच आहे, तेव्हा बातमी नव्याने लिहीत नाही. दुपारी गेले. झोपेत गेले, औषधाच्या. मी शेजारी होते आणि मला कळलं नाही, रस्त्यावर कुणाची तरी गाडी अडकून कर्णे वाजत होते, तिकडे लक्ष गेलं, आणि परत पाहिलं तेव्हा झालेलं होतं. शुद्धीत जायचं होतं ह्यांना. ह्यांच्या शेवटच्या श्वासाच्या वेळी मी गाड्या बघत होते.

तुम्ही निघायच्या तयारीत होतात हे कळलं. बॅग भरलेली तशीच राहिली असेल. स्वतःला लावून घेऊ नका. आला असतात तरी ह्यांनी तुमच्याशी भांडण काढलं नसतं, आणि तुम्हाला ते जास्त लागलं असतं.

गणिताच्या बाईंचा पाय वाचला. काठी घेऊन आल्या होत्या, पंधरवड्यापूर्वी. ह्यांच्या पायाशी बसून रडल्या. सर, तुम्ही मला वाचवलंत म्हणाल्या. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला जाताना म्हणाल्या, तुमची माफी मागायची आहे. मी म्हटलं, नको.

त्या गेल्यावर मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले. मला एक सांगायचं होतं. ते मी तुम्हालाही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

त्या गुरुवारी रसात काही नव्हतं.

बाटली बुधवारी सकाळीच संपली होती. औषधाच्या दुकानात नवी यायची होती, गुरुवारी संध्याकाळी देतो म्हणाले. म्हणून बुधवारी संध्याकाळचा रस नुसता होता. मी लिहिलं होतं ना तुम्हाला, त्या संध्याकाळी पुन्हा दुखलं, पाय थरथरत होते? ते औषध उतरलं होतं म्हणून. आणि गुरुवारी सकाळचा रसही नुसता. मी दाराशी उभी होते ती काही दर्शन घ्यायला नव्हे. आता कळवळतील, आता ओरडतील, म्हणून धावायच्या तयारीत उभी होते. आणि मी काय पाहिलं ते तुम्हाला लिहिलंच आहे. त्या सकाळी तुमच्या भावाला जे झालं ते त्यांचं होतं, वन्सं. बाटलीतलं नव्हतं. आधीचे दिवस माझे होते, नंतरचेही असतील, पण ती एक सकाळ सगळीच्या सगळी त्यांची होती.

ह्यांनी विचारलं तेव्हा मी हे का सांगितलं नाही? विचारूनही नेमकं तेच विचारलं होतं. बुधवारी? गुरुवारी? तेवढा एक धागा शोधत होते आणि मला तो दिसत होता. पण बाहेर गणिताच्या बाई चपला काढत होत्या. मी म्हटलं असतं, हो, गुरुवारी औषध नव्हतं, तर ह्यांनी तो धागा धरला असता, बाईंनी धरला असता, आणि तारीख गेली असती. तेव्हा मी तो कापला. विचार करायला वेळ नव्हता असं म्हणणार नाही. वेळ होता. विचार करूनच कापला. म्हटलं, एकदा बाईंचं होऊ दे, मग ह्यांना एकटं गाठून सांगू. खरंच तर आहे, खरं सांगायला काय लागतं?

तर बाई येऊन गेल्या त्या दिवशी सांगितलं. बाटली कधी संपली, नवी कधी आणली, सगळं. म्हटलं, ती सकाळ तुमची होती, तुम्हाला मिळालं ते खरं होतं. हे शांतपणे ऐकत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून ऐकत होते, आणि मला वाटलं, पोचलं.

मग म्हणाले, "तुझं मन चांगलं आहे."

मी म्हटलं, मन कसलं, मी खरं सांगते आहे.

म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून आधी औषध घातलंस. आता हे घालते आहेस."

मी शपथा घेतल्या. औषधवाल्याला दुकान बंद करायला लावून वर घेऊन आले. त्या बिचाऱ्याने सांगितलं की हो, बाई गुरुवारी संध्याकाळी बाटली घेऊन गेल्या. ह्यांनी विचारलं, आधीची कधी संपली ते तुम्हाला माहीत आहे? तो म्हणाला, ते मला कसं माहीत असणार? हे माझ्याकडे पाहून हसले. प्रेमाने हसले, वन्सं, तेच मला सहन झालं नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "वेळ झाली ना? दे."

त्यानंतर तो विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा माझ्या हातावर थोपटलं. बाईंनी थोपटलं होतं तसंच.

वर्ग बंद आहे. लोड भिंतीशी रचून ठेवले आहेत. लोक विचारतात, जागा भाड्याने द्यायची का? मी सांगते, बघू. खाली काम चालू आहे, कपडे काही कुणासाठी आखूड व्हायचे थांबत नाहीत.

तुमच्याकडून मला काही नको. फक्त त्यांच्या बाबतीतली एक गोष्ट मला कुणाजवळ तरी ठेवायची होती, आणि त्यांना श्वास सोडायला शिकवणाऱ्या तुम्ही. त्या सकाळी ते पोचले होते. मी पाहिलं. मी एकटीने पाहिलं, आणि मी अशी साक्षीदार की जिचं बोलणं कुणी धरू नये, ते मीच माझ्या हाताने करून ठेवलं.

तुम्ही यावर विश्वास ठेवा अशी माझी इच्छा आहे. पण तुमच्या जागी मी असते, तर मीही ठेवला नसता.

तुमची,
भावजय